माइसेनचे भेगाळलेले प्राणी : मोठी कला की राजाचा हट्ट?

मातीकाम : जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या झ्विंगर संग्रहालयातल्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या (चिनीमातीच्या) प्राण्यांबद्दल बोलायचंय. सॅक्सनीचा इलेक्टर (तिथला सत्ताधीश) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग, त्याला ड्रेस्डेनमधल्या आपल्या जपानी पॅलेसमध्ये अख्खं प्राणिसंग्रहालय चिनीमातीचं हवं होतं, सिंह, हत्ती, अस्वल, मोर, जमतील तेवढे खऱ्या मापाचे, ऑर्डर जवळपास सहाशेची! ते बनवणारा माइसेनचा चिनीमातीचा कारखाना १७१० चा, म्हणजे तेव्हा जेमतेम वीस वर्षं झालेली. अंगावर भेगा आहेत म्हणून लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर युरोपातल्या चिनीमातीत याहून धाडसी काम झालेलं नाही, भेगा धरून.

रोखठोक : धाडस कोणाचं पण? हट्ट राजाचा, जीव भट्टीवाल्यांचा. याच राजाने १७१७ ला प्रशियाला ६०० सैनिक देऊन दीडशे चिनी भांडी घेतली, त्याआधी बॉटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवून पोर्सिलेन करून घेतलं. मला तो हत्ती बघून कौतुक वाटत नाही. आणि भेगा पडल्या म्हणजे काम फसलं, सरळ आहे. रंगसुद्धा भाजून पक्का केला नाही, वरून लावला तो उडून गेला.

मातीकाम : अहो एवढी मोठी वस्तू वाळताना आणि भाजताना आकसते, कुठे जाड कुठे पातळ, सगळीकडे सारखी आकसत नाही, मग ताण येऊन फाटते. रंगासाठी परत भट्टीत घातली तर हातची जायची, म्हणून तो तसाच वर लावला. मी फूटभर उंचीचं काही भट्टीत ठेवलं तरी देव पाण्यात ठेवून बसते, इथे तर सिंह आहे!

मांडवीकाठ : भेगांचं पटलं. पण गेंड्याचं काय? तो माइसेनचा शिल्पकार किर्शनरने केला, जर्मन चित्रकार ड्युररच्या १५१५ च्या चित्रावरून, आणि ड्युररने ते जनावर पाहिलंच नव्हतं. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्ककडे आलं, आमच्या गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेलं, पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना जहाजासकट बुडालं बिचारं. चित्रात त्याला चिलखत, पाठीवर जास्तीचं शिंग. दोनशे वर्षांनी तीच चूक मातीत उतरली, ही नक्कल झाली.

पक्षीवेडा : एका गेंड्यावरून सगळ्यांना झोडू नका. १७३१ ला माइसेनला शिल्पकार केंडलर आला, तो मोरिट्झबर्गच्या राजवाड्यात राजाच्या जिवंत जनावरांची चित्रं काढायचा. त्याची पिल्लाला पाजणारी शेळी बघा, पक्षी बघा, मानेचा बाक, पिसांची ठेवण, समोर बसून पाहिल्याशिवाय असं येत नाही.

रोखठोक : शेळी सुंदर आहे, मान्य. तरी १७३३ ला राजा गेला आणि पॅलेसचा बेत अर्धवटच राहिला. लोकांचा एवढा घाम एकाच्या हौसेपायी, याला मी मोठी कला म्हणणार नाही.

मातीकाम : राजाचं कौतुक मीही करत नाहीये. किर्शनर आणि केंडलरची नावं राहिली, माती मळणाऱ्यांची आणि भट्टी सांभाळणाऱ्यांची कुणाला माहीत नाहीत, याचा मलाही राग येतो. पण तुम्ही "काम फसलं" म्हणता तेव्हा नेमकं त्यांचंच काम मोडीत काढता, राजाचं नाही.