मदत हवी आहे: संदर्भसूचीच्या .बिब आणि .आरआयएस फाइलमधलं मराठी वाचता येत नाही

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला असते. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षशेतीवर पीएचडी चालू आहे. आमच्या सरांनी निवृत्त होताना त्यांच्या संदर्भांच्या सगळ्या फाइल माझ्या हवाली केल्या. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून उतरवून घेतलेल्या जुन्या पुस्तिका, शेतीच्या मासिकांतले लेख, असं पुष्कळ त्यात आहे. यातली एकही नोंद मला गमवायची नाही.

फाइल .बिब, .आरआयएस (दोन्ही संदर्भ साठवायचे ठरावीक साचे) आणि साध्या .टीएक्सटी अशा आहेत. इंग्रजी नोंदी स्वच्छ दिसतात. मराठीची मात्र दोन तऱ्हेने वाट लागली आहे. आरआयएसमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यामागे चार काट्यांचा बारका गोल किंवा येनचं चिन्ह, हेच पुन्हा पुन्हा येतं. टीएक्सटीमध्ये साधी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी आहे. हे सगळं झोटेरोत (संदर्भ सांभाळायचा प्रोग्रॅम) घेऊन वर्डमध्ये वापरायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

कळफलक:
ताई, सगळ्यात आधी मूळ फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

हे दोन वेगळे आजार आहेत. आरआयएसमधलं मराठी युनिकोडच आहे, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामाईक पद्धतीतलं. यूटीएफ-8 ही युनिकोड फाइलमध्ये साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट सुटे वाचले की तुम्ही सांगताय तो ए आणि गोल दिसतो. नोटपॅड++ या एडिटरमध्ये फाइल उघडा आणि एन्कोडिंग मेन्यूतून नुसतं 'यूटीएफ-8' निवडा, 'कन्व्हर्ट टू' नको. तरीही तसंच दिसलं, तर कुणीतरी फाइल बिघडलेल्या रूपातच सेव्ह केली आहे. मग आधी 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' (विंडोजचा जुना अक्षरतक्ता) करा आणि त्यानंतर 'यूटीएफ-8' निवडा.

त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. हलन्ताचा (पाय मोडायच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट त्या जुन्या विंडोज तक्त्यात रिकाम्या जागेवर पडतो, त्यामुळे काही प्रोग्रॅम तो गाळून टाकतात. 'द्राक्ष'चा घोटाळा झाला असेल तर कारण हेच. 'झ' आणि 'ए'चंही तसंच.

टीएक्सटीला हा उपाय लागू नाही. ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असावं, ज्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार दिलेले असतात. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव राहत नाही. सरांच्या त्या काळातल्या एखाद्या वर्ड फाइलमध्ये ते सापडेल. नाव कळलं की त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. अंदाजाने दुसरा लावलात तर अर्धी अक्षरं बरोबर येतील, आणि उरलेल्या चुका शोधणं जिकिरीचं होईल.

गोदाकाठ:
मनापासून आभार! आरआयएस सरळ झाली, नावं वाचता येतायत. पण झोटेरो त्यातल्या काही नोंदी घेतच नाही. आणि .बिबमधून आलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यादीत 'केंद्र, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन' असं पडतंय.

कळफलक:
आरआयएसची प्रत्येक ओळ दोन अक्षरांची खूण, दोन स्पेस, आडवी रेघ, एक स्पेस अशी हवी. नोंद 'टीवाय'ने सुरू होते आणि 'ईआर'ने संपते. ईमेलमधून चिकटवताना दोन स्पेसची एक होते, ते बघा.

.बिबमध्ये स्वल्पविराम नसला की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. म्हणून संस्थेच्या नावाला दुहेरी महिरपी कंस घाला. शिवाय दोन लेखकांमध्ये मराठी 'आणि' लिहिलं असेल तर दोघांचा मिळून एकच लेखक होतो. तिथे इंग्रजी लिपीतलं 'अँड'च लागतं, नावं मराठी असली तरी.

गोदाकाठ:
'आणि' बऱ्याच ठिकाणी आहे. पण ते पुस्तकांच्या नावांतही आहे, म्हणून सरसकट न बदलता फक्त लेखकांच्या ओळींत बदलते. सरांकडे जुनी वर्ड फाइल मागितली आहे, फॉन्टचं नाव मिळालं की इथेच लिहिते.