जुन्या मिआटावर जीव का जडतो? (अनुभव धागा)

माझदा म्हटलं की माझ्या पिढीला आधी आठवते ती स्वराज माझदाची मिनीबस. शाळेची सहल तिच्यातून, मावशीच्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यातून. त्याच नावाची, पण जेमतेम दोन माणसं बसतील अशी एक उघडी गाडी गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत माझ्या दारात उभी आहे. १९९२ची लाल मिआटा. इंग्लंडात हिला एमएक्स-५ म्हणतात आणि जपानात हिच्या पहिल्या पिढीचं नाव युनोस रोडस्टर.

गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला कळलं की आमच्यातच आणखी दोघांकडे जुन्या मिआटा आहेत. चिवड्याच्या ताटल्या तशाच राहिल्या आणि आम्ही तिघं तासभर गाड्यांवरच बोलत बसलो. तेव्हाच ठरवलं, धागा काढायचा. १९८९ ते २००५ मधली, म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांमधली गाडी ज्यांच्याकडे आहे किंवा होती, त्यांनी सविस्तर लिहा. का घेतली, काय बिघडलं, का विकवत नाही. बिघाडाचं जरूर लिहा, नवीन घेणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनइची यामामोतो यांना सुचवलं की जुन्या ब्रिटिश दोनसीटरांसारखी साधी, हलकी, स्वस्त गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती लोकांसमोर आली. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी धरलेलं सूत्र होतं ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन हजार किलोच्या आत आणि तेही पुढे-मागे जवळपास निम्मंनिम्मं. अमेरिकेतल्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११६ अश्वशक्ती. आजची साधी घरगुती गाडीसुद्धा सिग्नलवर हिला मागे टाकते. पण ती ११६ अश्वशक्ती मी रोज पूर्ण वापरतो. वळणाआधी दुसरा गिअर टाकायचा, वळण संपता संपता रेस पूर्ण दाबायची, इंजिन जीव तोडून ओरडतं आणि काट्याकडे बघावं तर वेग कायद्यात बसणारा. माझ्या मते या गाडीचं सगळं मर्म यात आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. तिसऱ्या वर्षी एका सकाळी क्लच दाबला तर पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही. गॅरेजवाला म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल, बाराशे डॉलर. ते पैसे माझ्याकडे नव्हते. दोन रात्री वाचत बसल्यावर कळलं की या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारी छोटी नळकांडी, गळणं हा नेहमीचाच आजार आहे. तो गिअरबॉक्सच्या आत नसतो, बाहेर दोन बोल्टांवर असतो. पार्ट पंचवीस डॉलरचा. बसवायला तासभर लागला, पण पाइपातली हवा काढायला दुसरं माणूस हवं. बायको कामावर, घरात फक्त साताऱ्याहून आलेली आई. तिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “काय करायचं ते नीट सांग.” मी खालून ओरडायचो, “दाब… धरून ठेव… आता सोड.” पहिल्यांदा नुसते बुडबुडे, मग बुडबुडे मिसळलेलं तेल, आणि आठव्या-नवव्या खेपेला सलग स्वच्छ धार. वरून आईचा आवाज आला, “अरे, आता पायाला जड लागतंय. मशिनच्या पायट्यासारखं.” चाळीस वर्षं शिवणकाम केलेला पाय तो, त्याला कळणारच. संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून ती शेजारी बसली आणि आम्ही समुद्रापर्यंत जाऊन आलो.

लेस्टर, इंग्लंड. १९९६ची, १.८ लिटर

दादा, तुमच्या आईंचं वाचून डोळे भरून आले. माझं दुखणं गंजाचं.

मी २०१४ मध्ये अठराशे पौंडांना घेतली. रंग चकचकीत, इंजिन उत्तम. दुसऱ्याच वार्षिक तपासणीत नापास, कारण दाराखालचा पत्रा मागच्या चाकाजवळ सडलेला. इथे सीटबेल्टच्या जवळचा भाग असा गंजला तर गाडी रस्त्यावर आणू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हे होतं कसं ते सगळ्यांनी समजून घ्या. कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या पट्टीत गोळा होतं आणि सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांमधून खाली जातं. नळीत पानं-माती अडकली की पाणी तुंबतं आणि आतूनच पत्रा खातं. बाहेरून काही दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा बोट आरपार जातं. माझं गेलं.

वेल्डिंगला सातशे पौंड लागले. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, पानगळ सुरू झाली की, मी मागचा गालिचा उचलते आणि दोन्ही नळ्यांत पेलाभर पाणी हळू ओतते. ते मागच्या चाकाच्या पुढे खाली टपटपलं पाहिजे. नाही टपटपलं तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हळूच फिरवायची. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. कोकणातल्या घरी पावसाआधी बाबा पन्हळी साफ करायचे, तसं हे माझं वर्षाचं काम झालंय.

एवढं करून का ठेवली? मॅकल्सफील्ड ते बक्स्टन असा डोंगरातला एक रस्ता आहे, कॅट अँड फिडल नावाचा. रविवारी पहाटे टप मागे टाकून, हीटर पायांवर सोडून, कानटोपी घालून मी एकटी तिथे जाते. मेंढ्यांचा वास येतो, ओल्या गवताचा येतो, पुढे कुठे लाकडं जळत असली तर धुराचा येतो. नर्सिंगच्या रात्रपाळ्यांनंतर मला दुसरं काही लागत नाही.

डेट्रॉइटजवळ. १९९१ची, १.६

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजात झोपलेली असते. बॅटरी डिकीत आहे हे लक्षात ठेवा आणि बदलताना गॅस बाहेर न सोडणारी, बंद प्रकारचीच घ्या. एप्रिलात पहिल्या मोठ्या पावसाने मीठ धुऊन गेलं की किल्ली लावतो. पॉपअप दिवे डोळे उघडल्यासारखे वर येतात तेव्हा शेजारची पोरं टाळ्या वाजवतात. एकदा एक डोळा अर्धवट अडकला होता. दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली एक गोल मूठ असते, ती हाताने फिरवली की दिवा वर येतो.

अटलांटा. २००१ची, दुसरी पिढी

मी कोल्हापूरचा. लहानपणापासून आंबोली, फोंडा, गगनबावडा घाट बघितलेत, पण सगळे एसटीच्या खिडकीतून. गाडी घाटात स्वतः चालवायची हौस अमेरिकेत येऊन फिटली. इथून काही तासांवर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर टेल ऑफ द ड्रॅगन नावाचा रस्ता आहे, ११ मैलांत ३१८ वळणं. तिथे मोठ्या ताकदीच्या गाड्या घेऊन आलेले लोक सारखे ब्रेक मारत असतात. मी तिसऱ्या गिअरमध्येच राहतो. पुढच्या चाकाखाली खडी आहे का डांबर, हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं. कट्ट्यावर बसून गप्पा माराव्यात तशी ही गाडी रस्त्याशी बोलते बघा.

महिन्यातून एकदा ऑटोक्रॉसला जातो. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. पहिल्या वर्षी मी सगळ्यांत शेवटी होतो. एका सत्तरीच्या आजोबांनी शेजारी बसून एवढंच सांगितलं, “पुढच्या शंकूकडे बघू नकोस, त्याच्या पुढच्याकडे बघ.” त्या दिवशी माझी वेळ चार सेकंदांनी सुधारली. गाडी तीच, टायर तेच. महागडी गाडी असती तर पुढच्या महिन्यात मी तिला आणखी पार्ट लावले असते आणि चालवायला शिकलोच नसतो.

क्लीव्हलंड. अजून घेतलेली नाही

१९९०ची एक बघून ठेवली आहे. इंजिनाच्या पुढच्या टोकाचा काहीतरी दोष असतो असं ऐकलं. कोणी सांगेल का?

न्यू जर्सी (धागाकर्ता)

हो. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलताना तिथला बोल्ट नीट आवळला नाही तर खाच झिजते आणि पुली डगमगायला लागते. पुलीच्या तोंडावर चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब टोक. चार असल्या म्हणून लगेच घाबरू नका. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बाजूने बघा, हलत नसेल तर गाडी घ्यायला हरकत नाही. १.६ची आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी बंद पडते, इंजिन वाचतं.

वेलिंग्टन, न्यूझीलंड. युनोस रोडस्टर, व्ही स्पेशल

आमची थेट जपानातून वापरलेली आलेली. गडद हिरवा रंग, आत फिक्या तपकिरी कातड्याच्या सीटा, नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्त्याची डावी बाजू, त्यामुळे नागपूरहून आलेल्या माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून सवयीची वाटली. रेमुटाकाचा घाट उतरून वायरारापाकडे जाताना आम्ही बोलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढा एक तास आमचा दोघांचा असतो. मागे सीटच नाही, त्यामुळे मुलांना घरी राहावंच लागतं.

पुणे. गाडी मुलीची, मेलबर्नला

मी निवृत्त आहे, वय ७१. माझ्याकडे वीस वर्षं प्रीमियर पद्मिनी होती. दर काही महिन्यांनी रविवारी बॉनेट उघडून, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, मी स्वतः लावायचो आणि मुलगी टॉर्च धरून उभी राहायची. पुढच्या गाड्यांना प्लास्टिकचं झाकण आलं, ते उघडायचं कारणच उरलं नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो. सकाळी तिने ही जुनी गाडी चालू केली आणि आतून टिकटिक आली. मी म्हटलं, “बेटा, टॅपेट वाजतायत.” ती हसली आणि म्हणाली, “बाबा, यांना गेज लागत नाही, ते तेलाच्या दाबावर आपोआप बसतात. गरम झाली की थांबेल.” थांबली. मग दुपारी आम्ही दोघांनी मिळून ऑइल बदललं. या वेळी टॉर्च मी धरला होता. दुसऱ्या दिवशी ब्लॅक स्पर नावाच्या रस्त्याने गेलो. दोन्ही बाजूंना उंचच उंच सरळसोट झाडं, खाली माणसाएवढे नेचे. छप्पर नसल्याने मान मागे टाकून शेंडे बघता येत होते.

ह्यूस्टन. होती, आता नाही

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. माझी १९९३ची होती. एअरबॅग एकच, ड्रायव्हरपुढे. हमरस्त्यावर ट्रकचं चाक माझ्या कानाच्या पातळीला यायचं. उंची सहा फूट एक इंच, टप लावला की डोकं टेकायचं. जुळ्या मुली झाल्यावर दोन सीटांची गाडी दारात ठेवणं परवडेना, २०१७ मध्ये विकली. घेणारा कॉलेजचा मुलगा होता. त्याच्या वडिलांनी सगळी पुस्तकं, पावत्या मागून घेतल्या, तेव्हा जरा बरं वाटलं. गिअरचा दांडा अगदी छोटा असतो हिचा, मनगट हललं की गिअर पडतो. आज आठ वर्षांनी, मोठी ऑटोमॅटिक गाडी चालवताना, लाल सिग्नलला माझा हात अजून तिथे जातो.

न्यू जर्सी (धागाकर्ता)

ह्यूस्टनकर, मुली मोठ्या होतील तेव्हा परत घ्या. माझी लेक यंदा सोळाची झाली. रिकाम्या चर्चच्या पार्किंगमध्ये तिला याच गाडीवर क्लच शिकवतोय. पहिल्या दिवशी चौदा वेळा बंद पाडली, रडली आणि पुढच्या शनिवारी स्वतःच किल्ली घेऊन उभी राहिली.

या गाडीला मागे काच नाही, प्लास्टिकची खिडकी आहे. टप खाली करण्याआधी तिची झिप उघडून ती सपाट पाडावी लागते, नाहीतर घडी पडून पुढच्या थंडीत तडकते. मी आधीच्या दोन खिडक्या अशाच घालवल्या. काल लेकीने टपाचे दोन्ही खटके काढले, हात वर केला आणि मध्येच थांबली. सीटवर गुडघे टेकून मागे वळली, झिप या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली, खिडकी तळहाताने सपाट केली आणि मग टप मागे टाकला. मी बाजूला उभा होतो. मला काही सांगावं लागलं नाही.