मदत हवी आहे: अनारसे तुपात हसतात, आणि 7 जूनला जावई येतायत

मोजपट्टी (26 मे)

मंडळी, स्वयंपाकाच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय. एरवी माझा वावर जमीन-मोजणी आणि सातबाऱ्याच्या धाग्यांवर असतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. मुलीचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं, त्यामुळे जावयांचा हा पहिलाच धोंडा. रविवारी, 7 जूनला, दोघं येतायत. दिव्याचं वाण ठरलंय, ताम्हण आणलंय, आणि त्यात तेहेतीस अनारसे. विकतचे आणायचे नाहीत, हे आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आताही नाही.

अडचण अशी की बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. बाथरूममध्ये घसरली, मनगट गेलं, दीड महिना सांगितलाय. म्हणून ती खुर्चीत बसून सांगते आणि मी करतो. मी नोकरीत आयुष्यभर मोजमापं घेतली, ही आयुष्यभर अंदाजाने करत आली. "किती वाळवू?" विचारलं की म्हणते, "हाताला कळतं." कळणारा हात प्लास्टरमध्ये! डाव्या हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाली, "याला काही कळत नाहीये."

केलं ते असं. आमच्या नाशिकजवळच्या घोटीहून आणलेला नवीन इंद्रायणी तांदूळ तीन दिवस भिजवला, पाणी रोज बदललं. उपसून पंचावर पसरला. "जास्त वाळला तर वाया" असं तीनदा बजावल्यामुळे मी अर्ध्या तासातच उचलला. मिक्सरवर दळला, चाळला. हिच्या वहीत लिहिलंय, "पिठाइतका गूळ". म्हणून 3 वाट्या पीठ आणि 3 वाट्या किसलेला गूळ, वर चमचाभर तूप. गोळा डब्यात पाच दिवस मुरवला.

काल पहिला अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडला. दहा सेकंद बरा होता. मग कडा सुटल्या, मध्ये भोक पडलं, आणि बघता बघता कढईत नुसता तपकिरी चोथा तरंगायला लागला. खुर्चीतून आवाज आला, "हसला बघ." दुसरा हसला. तिसऱ्याला मी झाऱ्याने धरून ठेवायला गेलो तर तो झाऱ्यालाच चिकटला. मग थोड्या पिठात दुकानातलं तांदळाचं पीठ मिसळून बघितलं. तो हसला नाही, पण दगड झाला. जाळी शून्य. पंख्याखाली ठेवला तर टेबलावर खणखण वाजतो.

पाऊण किलो पीठ शिल्लक आहे. सुधारेल का? की नव्याने घालायचं? दिवस बाराच आहेत. माझं चुकलं कुठे, ते आकड्यांत सांगितलंत तर उपकार होतील.

विदर्भकन्या (26 मे)

झाऱ्याला चिकटलेला अनारसा!! सॉरी, हसले. तुमच्यावर नाही, अनारशासारखी हसले.

तांदूळ नवा आहे, तिथेच पाणी मुरतंय. जुना, कमी चिकट घ्या. साधा कोलम चालतो.

आजीची कढई (26 मे)

काका, आधी काकूंना सांगा की हात बरा झाल्याशिवाय कढईजवळ येऊ नका. तुम्ही करताय ते उत्तम करताय.

आता एकेक बघू. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकदम झाल्यात, म्हणून कळेनासं झालंय.

पहिली, ओल. काकू म्हणतात ते "हाताला कळतं" खरंच आहे, पण त्याची खूण सांगता येते. पंचावरचा तांदूळ मुठीत घट्ट आवळा आणि मूठ उघडा. दाणे तळव्याला चिकटले पाहिजेत, पण तळवा ओला दिसता कामा नये. पाणी लागलं तर अजून वाळू दे. एकही दाणा न चिकटता सगळे गळून पडले तर उशीर झाला. तुम्ही घड्याळ बघितलंत, तिथे फसलात. दिवाळीत हेच काम दोन-तीन तास घेतं, मे महिन्यात नाशकाकडे कोरड्या हवेत कदाचित तासाभरात होईल. घरात, सावलीत पसरा. पंखा लावू नका, वरचे दाणे कडक होतात आणि खालचे ओलेच राहतात. मध्ये मध्ये हात फिरवा.

दळल्यावर दुसरी खूण. चाळलेलं पीठ मुठीत दाबा. मुटका झाला पाहिजे, आणि बोटाने टोकलं की तो फुटला पाहिजे. मुटकाच होत नसेल तर कोरडं. टोकल्यावर नुसता खळगा पडून मुटका तसाच राहत असेल तर ओलं. ओलं असेल तर परातीत थोडा वेळ उघडं ठेवा. चाळण मैद्याची घ्या. चाळणीत राहिलेली कणी परत दळा, तशीच ढकलू नका. कणी राहिली की अनारसा तिथूनच फाटतो.

दुसरी गोष्ट गूळ. माझा संशय सगळ्यात जास्त याच्यावर. "पिठाइतका" म्हणजे वाटीने की वजनाने? आणि वाटीत गूळ दाबून भरलात का? जास्त गूळ म्हणजे हसणार, यात शंका नाही. गूळ वितळतो आणि पिठाला धरून ठेवायला काही उरत नाही. आमच्याकडे 4 सपाट वाट्या पिठाला 3 वाट्या गूळ, दोन्ही न दाबता. चिक्कीचा गूळ नको. घामेजलेला, काळपट, मऊ गूळही नको. पिवळा, कोरडा, किसता येईल असा बघा.

तिसरी गोष्ट तूप. एक छोटी गोळी टाका. तळाशी जाऊन सावकाश वर आली पाहिजे. तळालाच बसून राहिली तर तूप थंड, त्यात चांगला अनारसासुद्धा हसतो. टाकल्या टाकल्या वर उसळली तर फार गरम, वरून लाल आणि आतून कच्चा. एका वेळी एकच सोडा. खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, वरून चमच्याने तूप उडवत राहायचं. जाळी वरच्या बाजूला उघडते आणि उलटलात तर खसखस करपते. काढल्यावर चाळणीत उभा करून ठेवा, आडवा ठेवलात तर तूप जाळीतच बसतं.

दुकानातलं पीठ परत घालू नका. ते कोरड्या तांदळाचं, न भिजवलेलं. त्याने हसणं थांबतं आणि जाळीही थांबते.

म्युनिककर (27 मे)

इकडे उकाडा नाही, त्यामुळे आमचं उलट दुखणं. तांदूळ वाळतच नाही. मी टॉवेलमध्ये गुंडाळून हळुवार चोळते, मग पसरते. गूळही इथे मिळतो तो ओलसर, म्हणून मी सरळ पिठीसाखर घालते. साखरेचे अनारसे पांढुरके होतात, आईला ते "आजारी" दिसतात. पण जाळी मस्त पडते.

मु.पो. बार्शी (27 मे)

आमच्याकडं अनारशाचा एवढा थाट नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला धोंडे. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, उकडायचं, वर तुपाची धार. हसायचा प्रश्नच नाही. अगदीच नाही जमलं तर हे करून घाला, जावई नाराज व्हायचा नाही.

मोजपट्टी (27 मे)

बार्शीकर, प्रस्ताव खुर्चीपुढे मांडला. फेटाळण्यात आला. "वाणात जाळीदारच लागतं," एवढंच उत्तर मिळालं.

आजीची कढई, तुमचा संशय बरोबर निघाला. आज वजनकाटा काढला. हिची वाटी चाळलेल्या पिठाने सपाट भरली तर 95 ग्रॅम. त्याच वाटीत मी ज्या पद्धतीने गूळ भरला होता, म्हणजे अंगठ्याने दाबून, तसा भरला तर 165 ग्रॅम! म्हणजे मी पिठाच्या पावणेदोन पट गूळ घातला होता. हे वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, "दाबून कोण भरतं?" वहीत लिहायला हवं होतं, असं मी म्हणालो नाही.

आजच कोलम भिजत घातलाय, 1 किलो. वाण्याने जुना आहे असं सांगितलं. पण एक प्रश्न. गेल्या वेळी तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास होता आणि वर फेस. तो बरोबर की बिघडला?

आजीची कढई (27 मे)

हलका आंबूस वास हवाच, तीन दिवस भिजवतो ते त्याचसाठी. ताकासारखा वास चालेल. नाक मुरडावंसं वाटलं तर नाही. या उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला. फेस आला तर पाणी बदलायची वेळ झाली समजा.

आणि जुनं पाऊण किलो टाकू नका. नवीन पीठ तयार झालं की त्यातलं बिनगुळाचं थोडं यात मिसळा.

मोजपट्टी (28 मे)

हिशोब केला. पाऊण किलोत साधारण 475 ग्रॅम गूळ आणि 275 ग्रॅम पीठ. किलोला 800 ग्रॅम गूळ धरला तर 475 गुळाला जवळजवळ 600 ग्रॅम पीठ हवं. म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम नवीन पीठ यात जाईल. बरोबर ना?

विदर्भकन्या (28 मे)

काका, अनारशाची गटवारी चाललीय का? 😄 बरोबर आहे.

शारजाकर (29 मे)

धागा आवडीने वाचतोय. मुलगी-जावई नाशिकलाच असतात का? विचारायचं कारण असं की आमच्या सासूबाई दर वेळी बॅगेत अनारसे कोंबतात आणि मी ते विमानतळावर जायच्या आधी काढून ठेवतो.

मोजपट्टी (29 मे)

नाही हो, दोघं दुबईला असतात. तेहेतीसपैकी निम्मे तरी बांधून द्यायचे, असा बेत आहे. का?

शारजाकर (29 मे)

खसखस! यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. पुडीच असं नाही, अनारशाला लागलेलीसुद्धा नको. यात लोकांना तुरुंग झालेला आहे, हे गंमत म्हणून सांगत नाही. सौदीतही तेच. बांधून द्यायचे ते रव्यावर थापा. आम्ही इकडे तसेच करतो. दिसायला थोडे बोडके दिसतात, चवीत फरक कळत नाही. आणि खसखशीचे व रव्याचे एकाच डब्यात ठेवू नका, दाणे इकडचे तिकडे होतात. पोळपाट, हात, तूप, सगळंच वेगळं. आधी रव्याचे करा, मग खसखशीचे.

आजीची कढई (29 मे)

हे मला माहीतच नव्हतं. शारजाकर, वेळेवर बोललात.

मोजपट्टी (29 मे)

बायकोला वाचून दाखवलं. पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "रवा बारीक आण."

मोजपट्टी (30 मे)

तांदूळ सकाळी आठला उपसला. मूठ चाचणी दर पंधरा मिनिटांनी. 9:15 ला दाणे चिकटले, तळवा कोरडा. म्हणजे सव्वा तास. मुटका टोकल्यावर दोन तुकडे झाला. हिने डाव्या हाताने टोकून बघितलं आणि मान हलवली, म्हणजे पास. गूळ मिसळला, हात आखडेपर्यंत मळला. सव्वातीनशे ग्रॅम पीठ जुन्या गोळ्यात. दोन्ही डबे फळीवर, वर तारीख घातलीय.

विदर्भकन्या (4 जून)

काका?? काय झालं? आम्ही इकडे वाट बघतोय.

मोजपट्टी (6 जून, रात्री)

उशीर झाला, माफ करा. पाठ गेली आहे.

आधी रव्याचे. पीठ सहा-सात दिवसांत घट्ट झालं होतं, थापताना कडा चिरायला लागल्या. हिने पिकलेलं केळं कुस्करून चमचाभर घालायला लावलं, तेवढ्या एका गोळ्याला. लगेच मऊ आलं. पहिला सोडला. गोळी तळाला जाऊन वर येताना बघूनच सोडला होता, तरी हात थरथरत होता. कडेला बारीक बुडबुडे आले, मग मध्यभागी एक छिद्र, मग त्याच्याभोवती चार-पाच, मग सगळीकडे. मी झाऱ्या बाजूला ठेवून चमच्याने तूप उडवत राहिलो. ही खुर्ची ओढत ओढत ओट्यापर्यंत आली होती. (कढईजवळ नाही, कढईताई. दोन हात अंतर होतं, मोजलंय.)

एकूण 58 झाले. चार फुटले, तेही माझ्या घाईने, तूप थंड असताना सोडले म्हणून. जुना डबासुद्धा सुधारला, फक्त रंग जरा गडद. वाणाचे तेहेतीस हिने स्वतः निवडले, डाव्या हाताने, प्रत्येक उजेडाकडे धरून. पलीकडचं दिसलं तर ताटात, नाही तर बाजूला. बाजूला काढलेले मी खातोय.

आता एकच शंका उरली. अर्धा किलो पीठ शिल्लक आहे. दिवाळी 8 नोव्हेंबरला. तोवर टिकेल का?

आजीची कढई (7 जून)

टिकेल, आरामात. काचेच्या बरणीत दाबून भरा, वर तुपाचा हात फिरवा. ओला हात घालू नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वास घेऊन बघा. तळायच्या आदल्या दिवशी काढून मळून ठेवा, लागलं तर दुधाचा हबका.

आणि आज लॉगिन कशाला केलंत? जावई आले असतील ना!

मोजपट्टी (7 जून)

जेवणं व्हायचीयत. ते ओट्याशी उभे राहून मूठ चाचणी समजून घेतायत.