व्हेंचुरीचे भोक किती ठेवावे? कंट्रोल लाईन इंजिनांचे अनुभव

कंट्रोल लाईन विमानाच्या (हातातल्या तारांनी वर्तुळात उडवायच्या मॉडेलच्या) ग्लो इंजिनावर, म्हणजे तापलेल्या प्लगच्या तारेने इंधन पेटवणाऱ्या छोट्या इंजिनावर, बहुधा थ्रॉटलचा कार्बोरेटर नसतो. त्या जागी ठरावीक भोकाची एक व्हेंचुरी, म्हणजे हवा आत घेणारी नळी, असते आणि तिच्यातून आडवा स्प्रेबार, म्हणजे इंधन सोडणारी बारीक नळी, गेलेला असतो. इंजिनाला किती हवा मिळणार आणि इंधन किती जोराने ओढले जाणार, हे त्या एवढ्याशा भोकावर ठरते. विमान एकदा हवेत गेले की त्यात बदल करायला काहीच वाव राहत नाही. आपापल्या इंजिनाची व्हेंचुरी कशी ठरवली, चूक कुठे झाली आणि ती कशी लक्षात आली, हे सर्वांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. व्यासासोबत स्प्रेबारची जाडीही अवश्य लिहावी, कारण तिच्यावाचून नुसत्या व्यासाला फारसा अर्थ उरत नाही. सुरुवात मी करतो.

माझे इंजिन ६.५ घनसेंटिमीटरचे आहे. व्हेंचुरी ७ मिलिमीटर आणि स्प्रेबार ४ मिलिमीटर, अशा जोडीवर ते दोन वर्षे निर्वेध चालले. डोक्यावरच्या कसरतींच्या आकृत्यांमध्ये थोडा जोर कमी पडतो असे वाटल्यामुळे मी भोक एकदम ८ मिलिमीटर केले. जमिनीवर इंजिन असे काही गरजले की मला माझ्या निर्णयाचा आनंद झाला. इंधनाची नळी क्षणभर चिमटली की वेग चढत होता आणि सोडली की पुन्हा उतरत होता, म्हणजे मिश्रण जरा रिच (इंधन जास्त) होते आणि तसेच मला हवे होते. सरळ पातळीवरच्या फेऱ्याही उत्तम झाल्या. पहिल्या लूपमध्ये नाक वर गेले तसा आवाज बारीक होत गेला, दुसऱ्यात इंजिन पूर्ण लीन झाले (इंधन कमी पडले) आणि तिसरा लूप मी घेतलाच नाही. खाली उतरल्यावर सिलिंडर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक तापलेला होता.

घरी येऊन हिशेब मांडला. भोकाच्या क्षेत्रफळातून व्यास गुणिले स्प्रेबारची जाडी वजा केली की हवेसाठी खरी मोकळी जागा साधारणपणे कळते. ७ मिलिमीटरला ती ३८.५ वजा २८, म्हणजे १०.५ चौरस मिलिमीटर होती. ८ मिलिमीटरला ५०.३ वजा ३२, म्हणजे १८.३ झाली. व्यास एका मिलिमीटरने वाढला, पण वाट जवळजवळ पाऊणपट रुंदावली. तेवढीच हवा जात असेल तर तिचा वेग त्याच प्रमाणात उतरतो आणि ओढ वेगाच्या वर्गानुसार घटते, म्हणजे माझी ओढ जेमतेम एक तृतीयांश उरली होती. इंजिन प्रत्यक्षात थोडी अधिक हवा घेते हे खरे, तरीही तूट मोठीच होती. शेवटी ७.२ मिलिमीटरवर (सुमारे ११.९ चौरस मिलिमीटर) जोर आणि खात्री या दोन्ही गोष्टी जुळल्या.

∗

वरच्या हिशेबाला माझ्याकडून पुष्टी. मी व्हेंचुरीला हातही लावला नव्हता. निडलचे (इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईचे) आटे झिजले म्हणून पूर्ण निडल व्हॉल्व्ह बदलला आणि नव्याचा स्प्रेबार ४ ऐवजी ३.५ मिलिमीटर जाडीचा निघाला. बसवताना तो फरक मला क्षुल्लक वाटला. त्यानंतर इंजिनाचा स्वभावच पालटला: पूर्वी सपाट उड्डाणात ते शांतपणे फोर-स्ट्रोकमध्ये (रिच मिश्रणावर एकाआड एक फेरीला पेटत) चालत असे आणि नाक वर झाले की टू-स्ट्रोकमध्ये (दर फेरीला पेटत) येई, आता मात्र ते सदैव टू-स्ट्रोकच्या काठावर राहू लागले आणि फेरीचा वेळ ५.४ सेकंदांवरून ५ सेकंदांच्या आत आला. महिनाभर मी प्रोपेलर, प्लग आणि इंधन यांना दोष देत राहिलो. ७ मिलिमीटरच्या भोकात ३.५ चा स्प्रेबार म्हणजे १४ चौरस मिलिमीटर मोकळी जागा, आणि ४ चा स्प्रेबार तसाच ठेवून भोक ७.५ केले असते तरी जवळजवळ तेवढीच जागा झाली असती. न कळत मी व्हेंचुरी अर्ध्या मिलिमीटरने वाढवून बसलो होतो. दुसरे लक्षण टाकीत दिसले: पूर्वी पूर्ण कार्यक्रमाला पुरून उरणारे इंधन आता शेवटच्या आकृतीच्या आधीच संपत होते. हे लक्षण मी लगेच ओळखायला हवे होते, कारण हवा वाढली की त्या प्रमाणात इंधनही अधिक जाते.

∗

मला वाटते, अनेकदा व्हेंचुरीवर ठपका येतो आणि दोष टाकीच्या उंचीचा असतो. विमान सेकंदाला २५ मीटर वेगाने साडेसहा मीटर त्रिज्येचा लूप घेते तेव्हा इंधनावर गुरुत्वाच्या जवळजवळ दहापट जोर येतो. टाकी स्प्रेबारच्या पातळीपेक्षा ५ मिलिमीटर खाली असेल तर त्या क्षणी ती ५ सेंटिमीटर खाली असल्यासारखी वागते. सरळ लूपमध्ये इंजिन लीन आणि उलट्या लूपमध्ये रिच, असे होत असेल तर भोक लहान करण्याआधी टाकी वर सरकवून पाहावी. मी सरळ आणि पालथ्या फेऱ्यांचे वेळ घड्याळावर मोजतो आणि ते सारखे येईपर्यंत टाकीखाली दीड मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या घालतो किंवा काढतो. दोन्ही बाजूंचे लूप एकसारखे चालूनही नाक वर जाताच इंजिन दोन्हींत लीन होत असेल, तरच माझ्या मते भोक मोठे आहे.

∗

माझ्या व्हेंचुरी मी स्वतः लेथवर काढतो, म्हणून कामाच्या बाजूने थोडे लिहितो. ड्रिलने पाडलेले भोक कधीच नेमके नसते. ७ मिलिमीटरच्या ड्रिलने ७.१ सहज होते, आणि तेवढ्याने ४ मिलिमीटरच्या स्प्रेबारवर मोकळी जागा सुमारे ७ टक्के वाढते. म्हणून मी भोक आधी लहान पाडून नंतर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवतो. मापण्यासाठी व्हर्नियरचे जबडे लहान भोकात फसवतात. त्यापेक्षा मापलेल्या पिना एकामागून एक घालून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. एकाच बाहेरच्या मापाच्या पाच व्हेंचुरी मी एका बैठकीत काढतो, प्रत्येकीत ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा फरक ठेवतो आणि कडेवर माप कोरून ठेवतो. सर्वांत लहान व्हेंचुरीपासून सुरुवात करून एकेक पायरी वर जावे. उलट दिशेने गेल्यास मोठ्या भोकाच्या जोराची सवय लागते आणि ओढ कमी असल्याचे मन मान्य करीत नाही.

स्प्रेबार नसलेली, भोवतालच्या बारीक छिद्रांतून इंधन देणारी व्हेंचुरीही मी केली आहे. तिला आडकाठी नसल्यामुळे १०.५ चौरस मिलिमीटरसाठी केवळ ३.६५ मिलिमीटरचे भोक पुरते. पहिल्यांदा ते इवलेसे भोक पाहून माझा विश्वास बसेना आणि मी ते ५ मिलिमीटर केले. इंजिन सुरू झाले, पण निडलची एकही जागा स्थिर राहीना.

∗

इंधन बदलणाऱ्यांसाठी दोन शब्द. ग्लो इंधनातल्या मेथॅनॉलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे ६.४ भाग हवा लागते, नायट्रोमिथेनला सुमारे १.७. म्हणून नायट्रो ५ वरून १५ टक्के केल्यावर तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त ओढावे लागते आणि निडल उघडावी लागते. माझी व्हेंचुरी आधीच काठावर होती. नायट्रो वाढवताच तिची मर्यादा उघडी पडली. नायट्रो कायम ठेवून मी भोक ०.२ मिलिमीटरने लहान केले.

∗

माझा अनुभव चुकीच्या निदानाचा आहे, पण कदाचित कुणाचे इंजिन वाचेल. वेग स्वतःहून चढत जाई आणि सेटिंग टिकत नसे, म्हणून मी तीन वेळा लहान व्हेंचुरी बसवली. दर वेळी इंजिन अधिक मंद झाले आणि वेग चढणे तसेच राहिले. शेवटी प्लगची वायर काढून, व्हेंचुरीच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडला, तोंडावर बोट दाबले आणि प्रोपेलर हाताने सावकाश फिरवला. थेंब आत ओढला गेला. खालची ओ-रिंग (रबरी कडी) चपटी होऊन कडक झाली होती आणि निडलला कधीही न कळणारी हवा तिथून आत शिरत होती. नवी ओ-रिंग घातल्यावर पहिल्याच व्हेंचुरीवर इंजिन शांत झाले.

∗

आणखी एक छोटी नोंद. धूळ अडवण्यासाठी व्हेंचुरीच्या तोंडावर नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बांधत असाल, तर चाचणीही तो बांधूनच करावी. मी न बांधता माप ठरवले होते आणि मोजा बांधल्यावर निडल दोन खटके (फिरवण्याच्या दोन पायऱ्या) बंद करावी लागली. तेल चढून तो ओला झाला की आणखी एक.