अवशेषांच्या चित्रात गुरं आणि धुणं कशाला?

रंगखुळी
दोन दिवस रोमच्या पडक्या अवशेषांची जुनी चित्रं बघतेय, क्लोद लोरें, पिरानेसी, ह्युबर रोबेर वगैरे, आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. एवढी भव्य कमान, आणि खाली कोणी गुरं राखतंय, कोणी धुणं बडवतंय, एक जण तर चक्क आडवा झालाय. हे चित्रकार मनानेच घालायचे का खरंच तिथे असं असायचं?

कुंचला
मापासाठी. माणूस नसेल तर खांब दहा फुटी का पन्नास फुटी कळणार कसं? अशा बारक्या आकृत्यांना स्टाफाज म्हणतात. पिरानेसी तर माणसं मुद्दाम चिमुकली काढायचा, मग इमारत अजूनच अंगावर येते.

जुने_नकाशे
मापाचं पटलं, पण तेवढंच नाही हो. रोमन फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाला, तेव्हा लोक काम्पो व्हाच्चीनो म्हणायचे, म्हणजे गुरांचं रान, तिथे गुरांचा बाजारच भरायचा. लोरेंच्या १६३६ च्या चित्राचं नावसुद्धा तेच आहे. जमीन इतकी वर आली होती की इ.स. २०३ ची सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान खालून बरीचशी गाडलेली, १८०३ पासून खोदून मोकळी केली. गुरं ज्या ग्रॅनाइटच्या कुंडात पाणी प्यायची ते आजही आहे, १८१८ मध्ये उचलून रोमच्याच क्विरिनाल टेकडीवरच्या चौकात कारंज्याला लावलं. पिरानेसीच्या चित्रात सम्राट वेस्पाशियनच्या देवळाचे तीन खांब शोधा, फक्त वरचा भाग मातीबाहेर दिसेल.

पाणरंग
रोबेरबद्दल थोडं, माझा फार जीव आहे त्याच्यावर. १७५४ ला रोमला गेला आणि अकरा वर्षं राहिला. तो इथली कमान तिथे, तिथला पुतळा इथे असं बिनधास्त करायचा, काप्रिचो म्हणतात त्याला, म्हणजे जागा मनाची पण खांबाला बांधलेली दोरी नि त्यावरचे ओले कपडे बघितलेले. माझ्या मते त्याच्या चित्रात धुणंच जास्त खरं आहे. १७९६ मध्ये त्याने पॅरिसच्या ल्यूव्हर संग्रहालयाची गॅलरी पडून गेली तर कशी दिसेल तेही रंगवलं, आणि त्या पडझडीतही एक जण अपोलोच्या पुतळ्याचं चित्र काढत बसलाय!

रंगखुळी
थँक्यू सगळ्यांना. झूम करून वेस्पाशियनचे खांब सापडले, मी काल ते कुठल्यातरी कुंपणाचे राहिलेले तुकडे समजून पुढे गेले होते.