पाणी फक्त दारातूनच येत नाही
पुराच्या वेळी वाळूची पोती दारात लावली की तळमजला वाचतो, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. बाहेरचं गटार तुंबून त्यातल्या पाण्याची पातळी घरातल्या फरशीपेक्षा वर गेली, की ते पाइपातून उलटं फिरतं आणि कमोडमधून, मोरीच्या जाळीतून वर येतं, तेही मैल्यासकट. दारातली पोती तेव्हा कोरडीच असतात! जाड प्लास्टिकची पिशवी निम्मी वाळूने भरून, तोंड घट्ट बांधून कमोडच्या भांड्यात दाबून बसवा. जाळीवर आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर पोतं. वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याचं भोक हमखास विसरलं जातं, तिथे चिंध्यांचा बोळा ठोकून बसवा. त्यानंतर नळ वापरायचे नाहीत, नाहीतर आपलंच पाणी आत साचतं. कायमचा उपाय म्हणजे चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप. मात्र ती अधूनमधून उघडून साफ करावी लागते; कचऱ्याचा एक तुकडा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही.

पूर आला की मेन स्विच बंद करा, असा सल्ला देतात; तो योग्यच, पण इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. तो चालू राहिला तर त्यावरच्या सॉकेटांत वीज असतेच. आणि बाहेर पाणी दोन फुटांच्या वर चढलं तर अडवत बसू नका. आत कोरडं आणि बाहेर एवढा दाब, यात भिंत तडकू शकते. तेव्हा पोती काढून पाणी आत येऊ द्यावं. अर्थात त्याआधी माणसं वरच्या मजल्यावर गेलेली हवीत.