लॅपटॉप, वॉरंटी आणि 'फिजिकल डॅमेज' : तुमचेही अनुभव लिहा

सुरुवात माझ्यापासून करते. राहते कर्वेनगरला, भाषांतराची कामं घरून करते, म्हणजे लॅपटॉप बंद तर चूल बंद. 58 हजारांचा लॅपटॉप घेतला, वर पैसे भरून वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली. चौदाव्या महिन्यात एका सकाळी झाकण उघडलं आणि डाव्या कोपऱ्यातून कट्ट असा आवाज आला. बिजागरीने आपल्याबरोबर खालच्या प्लास्टिकचा तुकडाच उपटून आणला होता. पडला नाही, आपटला नाही, टेबलावरून हललाही नव्हता.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने तो दोन बोटांनी उचलला, एकदा इकडून, एकदा तिकडून बघितला आणि म्हणाला, "फिजिकल डॅमेज आहे मॅडम. वॉरंटीत बसत नाही." अंदाजपत्रक 14,200 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 16,756. मी म्हटलं, अरे पण आपोआप तुटलंय. तर म्हणे, "आपोआप काही तुटत नसतं मॅडम."

घरी येऊन जॉबशीट, म्हणजे सेंटरने तक्रार लिहून घेतलेला कागद, नीट वाचली. त्यावर 'बॉडी क्रॅक, सीआयडी' असं खरडलेलं. मला आधी वाटलं पोलिसांचं खातं! नंतर कळलं, 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज', म्हणजे गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान. आणि खाली माझीच सही. न वाचता केलेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर शब्दन् शब्द वाचणाऱ्या बाईची.

तर मंडळी, कंपनीचं नाव न घेता लिहा. नावावरून भांडणं लागतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. काय झालं, कुठे अडलं, कसं सुटलं (सुटलं असेल तर).

वारजे

माझी वॉरंटी 'ऑनसाइट' होती. माझा समज असा की फोन केला की माणूस घरी येतो. तसं नसतं. आधी फोनवर तपासणी, आणि ती पार पडली तरच माणूस. स्क्रीन काळी पडायची. पहिल्या दिवशी सांगितलं, चार्जर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, पुन्हा बटण. मग ड्रायव्हर टाका, मग बायोस अपडेट करा, मग विंडोज नव्याने टाका. स्क्रीन काळी असताना विंडोज कसं टाकायचं, हे विचारल्यावर फोन होल्डवर गेला तो गेलाच.

एकदाचा इंजिनिअर आला तो गुरुवारी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात. बॅटरी मेलेली, लाइट नाही, तपासणार काय? तो बिचारा चहा पिऊन गेला. संध्याकाळी मेसेज आला, 'तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.'

पुढे मदरबोर्ड तीनदा बदलला. तिसऱ्या वेळी मी बोर्डाचं खोकं बघायला मागितलं, तेव्हा कळलं की हे नवे नसतात, दुरुस्त करून आलेले असतात. अटींमध्ये तसं लिहिलेलंच आहे म्हणे, 'नवीन अथवा नव्यासारखा' सुटा भाग. नव्यासारखा! आमच्याकडे नव्यासारख्याला जुना म्हणतात.

सदाशिव पेठ

वय 71, निवृत्त. आम्ही अटी वाचतो. भिंग घेऊन वाचतो. त्यामुळे पुढचा प्रकार लक्षात आला.

कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक टाकून वॉरंटी तपासली, तर ती आमच्या खरेदीच्या चार महिने आधीच सुरू झालेली. कारण उघड आहे. माल कंपनीतून विक्रेत्याकडे गेला त्या दिवसापासून त्यांचं घड्याळ चालू. विक्रेत्याच्या माळ्यावर तो चार महिने झोपला, त्याचा हिशेब आमच्या खात्यात. म्हणजे बारा महिन्यांचे पैसे देऊन आठ महिने.

बिलाची प्रत जोडून ईमेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला, उत्तर आलं, पण भलत्याच प्रश्नाचं. मग स्पीड पोस्टाने पत्र धाडलं, पोचपावती ठेवली, आणि बाराव्या दिवशी तारीख दुरुस्त झाली. नवीन लॅपटॉप घेतल्यावर पहिल्या आठवड्यात हे एवढं तपासा. यंत्र बिघडल्यावर तारखेचा वाद घातला तर तुम्ही खोटे ठरता. बिलावर अनुक्रमांक छापलेला आहे का, तेही दुकानातच बघून घ्यावं. घरी आल्यावर दुकानदार ओळख देत नाही.

हिंजवडी

थोडक्यात लिहितो. टचपॅड क्लिक होईना, मग एका बाजूने वर आलं. आत बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीत आत वायू तयार होतो, त्याने ती उशीसारखी फुगते. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षं, पण बॅटरीची एकच. ही फुगली तेराव्या महिन्यात. मुहूर्त बघून फुगली असावी. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मी नवी स्वतःच्या पैशाने घातली. भांडायला सुट्टी नव्हती.

बिबवेवाडी

सगळे शिव्याच घालताहेत म्हणून एक बरा अनुभव. घेतानाच अपघाती नुकसानाचा प्लॅन घेतला होता, नवरा म्हणाला पैसे वाया. आमच्या चिरंजीवांनी कीबोर्डवर अख्खा कप चहा ओतला. मी फोनवर खरं खरं सांगितलं, चहा, साखर घातलेला, दूध घातलेला. पाचव्या दिवशी नवा कीबोर्ड आणि बोर्ड. त्या प्लॅनमध्ये वर्षातून एकदाच दावा करता येतो, त्यामुळे उरलेले महिने चहा स्वयंपाकघरातच. नवरा आता गप्प असतो.

औंध

पुतण्याने न्यू जर्सीहून आणलेला. स्वस्त पडला म्हणून महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो. कीबोर्डच्या चार कळा गेल्या तेव्हा इथल्या सेंटरने अनुक्रमांक टाकला आणि सांगितलं, हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, पार्ट येणार नाही. वॉरंटी हवी तर लॅपटॉप अमेरिकेला. काही कंपन्यांची वॉरंटी देशोदेशी चालते, पण मॉडेलप्रमाणे फरक असतो आणि हे आणण्याआधी बघायचं असतं. सध्या वेगळा कीबोर्ड जोडून वापरतोय. सौ. त्याला 'तुमची पेटी' म्हणते.

धायरी

हा प्रकार थोडा वेगळा आहे, पण लिहायलाच हवा. बाबांनी कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला. जो पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की बाबांना तिथेच शंका यायला हवी होती, कारण खरा कस्टमर केअर इतक्या लवकर फोन उचलतच नाही. 'रजिस्ट्रेशनचे दहा रुपये भरा' म्हणून त्याने मोबाइलची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावलं. दहा मिनिटांत खात्यातून 49 हजार गेले.

आम्ही तासाभरात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली. बाकीची गेली. नंबर नेहमी लॅपटॉपच्या खोक्यावरचा किंवा कंपनीच्या साइटवरचाच घ्या. बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. लॅपटॉप अजून तसाच बंद आहे, त्याचं कोणी नावही काढत नाही घरात.

नाव-गाव नको

मी काउंटरच्या पलीकडचा. सहा वर्षं एका सर्व्हिस सेंटरला इंजिनिअर होतो, आता सोडलं. शिव्या वाचल्या, बऱ्याचशा बरोबर आहेत. पण दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे सेंटर कंपनीचं नसतं. बाहेर बोर्ड कंपनीचा, आत मालक वेगळा. त्याला केसमागे ठरलेले पैसे मिळतात. आम्ही वॉरंटीत पार्ट लावला आणि नंतर कंपनीच्या तपासणीत फोटो बघून कोणी म्हणालं की हा तर फुटलेला होता, तर त्या पार्टचे पैसे आमच्या मालकाच्या बिलातून कापले जायचे. मग मालक आम्हाला काय सांगणार? शंका आली की सीआयडी लिहा. त्या मुलाला कोपरा तुटलेला दिसला, त्याने हात झटकले.

दुसरं, गिऱ्हाईकही कमी नसतं. "पाण्याच्या जवळसुद्धा नेला नाही हो" म्हणणाऱ्याचा लॅपटॉप उघडला तर आतून पोह्यातले शेंगदाणे निघालेत. आत पांढरे स्टिकर असतात, ओल लागली की लाल होतात. ते लाल दिसल्यावर तुम्ही शपथ घ्या नाहीतर अभिषेक घाला, उपयोग नाही. झुरळांबद्दल तर बोलतच नाही. उबेला येतात, बोर्डावर संसार थाटतात.

बिजागरीचं मात्र धागा काढणाऱ्या ताईंचं म्हणणं खरं असू शकतं. बिजागरी पितळेच्या बारीक नटांवर बसवतात आणि ते नट प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. बिजागरी घट्ट झाली की दर वेळी झाकण उघडताना ताण त्या प्लास्टिकवर येतो. एक दिवस ते सुटतं. पडून फुटलेल्याचा कोपरा चेपलेला असतो, ओरखडा असतो. आतून सुटलेल्याला बाहेर काहीच नसतं. त्यामुळे ताई, कोपऱ्यांचे जवळून फोटो काढा, चारही. आणि जॉबशीट बदलून मागा. ती बदलता येते, फक्त कोणी मागत नाही. वर कंपनीतला माणूस लॅपटॉप बघत नाही, तो जॉबशीट बघतो.

कर्वेनगर (मीच)

चारही कोपऱ्यांचे फोटो काढले. एकही ओरखडा नाही. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे.

कोथरूड

मी ग्राहक आयोगापर्यंत गेलोय, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे वकील आणि चपला झिजवणं. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तुम्ही पुण्यातच. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते.

त्याआधी 1915 लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, फक्त तक्रार पुढे धाडतात, पण कंपनीतला जरा वरचा माणूस त्यामुळे जागा होतो. माझ्या बाबतीत तो जागा होऊन पुन्हा झोपला, म्हणून आयोग.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच. प्रत्यक्षात मला पहिली वर्षगाठ आयोगाच्या बाकावर साजरी करावी लागली. पण गंमत बघा, कंपनीचा वकील उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात एकच कागद होता, जॉबशीट. माझ्या जॉबशीटवर 'स्क्रीनवर उभी रेघ, बाहेरून इजा नाही' असं लिहिलेलं होतं. त्यांच्याच माणसाने. पुढच्या तारखेआधी तडजोडीचा फोन आला, पैसे परत. ज्या गावात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या गावात आपण सही करताना कागद वाचत नाही. मी तेव्हा वाचला होता तो निव्वळ चष्मा नवीन होता म्हणून.

कर्वेनगर (पुन्हा मीच)

खबर देते. 1915 ला तक्रार केली. आठव्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन, "गुडविल म्हणून निम्मी सूट देऊ." गुडविल! मी विचारलं, चूक माझी असेल तर सूट कशाला, आणि तुमची असेल तर निम्मी का? त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे सीआयडी लिहिलेलं आहे."

म्हणून काल परत सेंटरला गेले, फोटोंचे प्रिंट घेऊन. तोच मुलगा. फोटो बघितले, लॅपटॉपचे कोपरे बोटाने चाचपले, आत जाऊन कोणाशी तरी बोलून आला. नवीन जॉबशीट काढली, पेन हातात घेतलं आणि थांबला. "काय लिहू मॅडम?"

मी सांगितलं, "झाकण उघडताना बिजागरी निसटली. बाहेरून मार नाही."

त्याने तसंच लिहिलं, मराठीत. बिजागरी शब्द त्याला ऱ्हस्व-दीर्घ विचारून. मी दोनदा वाचून सही केली, प्रत पिशवीत घातली. उत्तर आलेलं नाही अजून. तोवर झाकणामागे जाडजूड शब्दकोश टेकवून काम चालू आहे.